दुसरी वायर

धनंजयने विजेच्या एका लाइनीच्या खटक्यावर हात ठेवला आणि मागे वळून पाहिलं. "ताई, पाडू का?"

जयाने मान हलवली.

नालवाडीतल्या त्या खोलीत रुग्णवाहिका सेवेचे सर्व्हर होते. प्रत्येकाला विजेच्या दोन वायरी, दोन वेगळ्या लाइनींवरून आलेल्या. एक गेली तरी दुसरीवर काम चालावं. ते खरंच चालतं का, हे कोणी पाहिलं नव्हतं. "चालू आहे ना? मग कशाला हात लावता?" साहेब म्हणाले होते. जयाच हटून बसली. मे महिन्यात लाइन केव्हाही जाते. तेव्हा कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

खटका पडला. सर्व्हरचे पंखे घरघरत राहिले, दिवे हिरवेच. धनंजय हसला.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून फोन घेणारी काजल ओरडली, "ताई, फोन बंद पडले! सगळेच!"

जया रॅकच्या मागे धावली. फोन सांभाळणारा सर्व्हर काळा पडला होता. त्याच्या दोन्ही वायरी पाडलेल्या लाइनीच्या एकाच प्लगपट्टीत खोचलेल्या.

"वर कर खटका!"

सर्व्हर उठू लागला, पण सावकाश. पडद्यावर ओळी सरकत होत्या. जया दारापर्यंत जायची, परत यायची.

"कोणी फोन लावून तर नसंन राह्यलं?" तिने विचारलं.

पहिली घंटी वाजली तशी तिनेच फोन उचलला.

"कितीदा लावला, बाई! सुनेले कळा सुरू झाल्या. शेवटी टेम्पोत टाकून निघालो आमी."

"कोठं पोचले?"

"आष्टी सोडली. तळेगाव यायचं हाये." मागून कण्हणं ऐकू येत होतं.

"थांबू नका, येत राहा. समोरून गाडी पाठवते. फोन कापू नका."

काजलने तळेगावची गाडी सोडली. जया कानाला फोन लावून उभीच होती. बऱ्याच वेळाने पलीकडचा माणूस ओरडला, "दिसली, दिसली गाडी!"

ती खुर्चीत बसली.

"ताई, दुसरी लाइन पाडायची राह्यली," धनंजय हळूच म्हणाला. "राहू देऊ आज? साहेब बोलतीन."

"बोलू दे. आधी येणारे फोन मोबाइलवर वळव. मग एकेक वायर हातानं धरून पाहा, कुठून कुठं गेली ते. झालं की पाड."

ती उठली आणि फोनच्या सर्व्हरची एक वायर काढून दुसऱ्या लाइनीच्या पट्टीत खोचायला गेली.