ट्रकात बसेल अशी सायकल

उन्हाळाभर आई घराबाहेर पडली नव्हती, म्हणून अवनीनेच तिला अक्षरशः ओढत सायकलच्या दुकानात आणलं. सुखना तळ्यामागच्या कच्च्या वाटेवर चालेल, पण खिशालाही परवडेल, अशी माउंटन बाईक आज तिच्यासाठी घ्यायचीच, पक्कं!

"आई यार, टायर बघ कसले जाड! निळी की काळी?"

"घे कुठलीही."

दुकानदाराने सीट खाली करून दिली. आई बसली, उतरली, चेहरा कोराच. मग एकदम तिने तोच ट्रकाचा प्रश्न काढला, जो पठाणकोटला फ्रिज घेताना आणि झाशीला कपाट घेताना काढला होता. "विचार गं त्यांना, हिची चाकं सुटी होतात का? बदलीच्या ट्रकात बसायला हवी."

आई आपणहून बोलली! अवनीने खुशीत तिचा प्रश्न हिंदीत सांगितला, तसा दुकानदारही खुलला. "अच्छा, फौजी घर! अब कहाँ पोस्टिंग हुई साहब की?"



"राहू दे गं अवनी," हँडलवरचे हात काढून घेत, आवाज जराही कापू न देता आई म्हणाली, "बाबाच नाहीत, आता कुठली बदली? चाकं पक्की बसवायला सांग."