निळी वडी

सासूबाईंनी गुडघेदुखीच्या भांगेच्या वड्या पुन्हा नारळाच्या वड्यांच्या डब्यात ओतलेल्या पाहून केतकी डबा माळ्यावर चढवायला शिडी आणायला वळली.

"अहो आई, पाकीट कुठंय? किती कडक आहेत ते कळणार कसं?"

"पाकीट वाचायचे दिवस गेले गं. नव्या नियमानं वडीच सांगते, हातात धरणाऱ्याला किती चढेल ते. झेपणार नसेल तर निळी होते."

तेवढ्यात तीन वर्षांच्या ईराने डब्यात हात घातला. केतकी धावली, पण तोवर चिमुकल्या बोटांतली पांढरी वडी निळीशार झाली होती.

ईराने नाक मुरडलं. "निळी! आजी, ही तुझी. मला दुसरी दे."

आजीच्या तळहातावर वडी पुन्हा पांढरी झाली.

केतकीने सुस्कारा सोडला आणि माळ्यावर चढवणार होती तो डबा सासूबाईंचा हात पोचेल अशा फळीवर ठेवला.