नापास होण्याचा अर्ज

"जगातल्या हरेक मोठ्या धावपटूच्या मांगं एक नापास झालेलं वर्ष असते," बाबूसिंग राठोडनं पंचायत समितीच्या फाटकासमोर जाहीर केलं आणि सतरंजी झटकली. त्याच्या स्वतःच्या मागं अशी तीन वर्षं होती, तिन्ही पाचवीतली. धावला मात्र तो फक्त एसटीच्या मागं.

मागणी साधी होती. त्याची मुलगी रंजिता पाचवी पास झाली होती. तिला नापास करा, नाहीतर आमरण उपोषण.

फाटकासमोरच्या निंबाखाली आजवर लोक रस्त्यासाठी बसले, पाण्यासाठी बसले, विजेच्या जळालेल्या डीपीसाठी बसले. नापास होण्यासाठी बसलेला बाबूसिंग पहिलाच. त्याच्या बंजारा तांड्यातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्याला समजावलं होतं की पास झालेल्या पोरीला नापास करायचा नियमच नाही. मग नियम करा, असं म्हणून तो तालुक्याला आला होता.

कारण पक्कं होतं. तालुक्याच्या शर्यतीत पाचवीपर्यंत लहान गट, सहावीपासून मोठा. रंजिता यंदा शंभर मीटरला दुसरी आली. पहिली आलेली पोरगी आता सहावीत जाणार. रंजिता एक वर्ष तिथंच थांबली की मैदान मोकळं, पहिला नंबर, मग यवतमाळ, आणि त्यापुढचं सगळं बाबूसिंगला पाठ होतं. पोरीचं वर्ष जाईल असं कोणी म्हटलं की तो सांगायचा, सोयाबीन शंभर दिवसांत येते, तुरीला वेळ लागतो, पण वरण तुरीचंच होते.

रंजिताला यातलं एकच दिसत होतं. तिचा धाकटा भाऊ बादल यंदा पाचवीत येत होता. जूनपासून त्याच्या शेजारी बसायचं, आणि महागावच्या शाळेत निघालेल्या मैत्रिणी एसटीच्या खिडकीतून हात हलवताना बघायच्या. बादलनं तर तिला आत्तापासूनच नावानं हाक मारायला सुरुवात केली होती. ती दोन दिवस जेवली नाही. ते उपोषण कोणी मोजलं नाही. आई, बिजलीबाई, तिच्या बाजूची होती, पण घरात बिजलीबाईच्या बाजूचं कोणी नव्हतं.

दीड वाजता गटशिक्षणाधिकारी मॅडम बाहेर आल्या. मे महिन्याचं ऊन होतं, त्यांना लवकर आत जायचं होतं. बाबूसिंगनं अर्ज पुढं केला. मॅडमनी तो उभ्या उभ्या वाचला. मग सावलीत सरकून पुन्हा वाचला.

"अर्ज कोणी लिहिला?"

"हिनंच," बाबूसिंगनं शेजारी बसलेल्या रंजिताकडं बोट दाखवलं. "म्या सांगतलं, तिनं लिवलं. माह्यं अक्षर मलेच वाचता येत नाही."

"पानभर मजकूर आहे आणि एक वेलांटी चुकलेली नाही. हे लिहिणारीला मी पाचवीत नापास कशी करू?"

फाटकाशी उभे असलेले दोन शिपाई हसले. बाबूसिंग गडबडला, पण हटला नाही. त्यानं मॅडमना पाच मिनिटं थांबायला सांगितलं, पिशवीतून कोरा कागद काढला आणि पोरीपुढं ठेवला. हाच अर्ज पुन्हा लिही, पण चुका करून लिही. दर ओळीत दोन तरी पाहिजेत.

रंजितानं पेनाला टोपण लावलं.

"नाही लिवत, बा. धावतानी मी मुद्दाम मांगं राहातो का? मंग लिवतानी काहून राहू?"

बाबूसिंगनं कोरा कागद तिच्यापुढं आणखी सरकवला. त्याच्यापाशी मॅडमसाठी भाषण होतं, पुढाऱ्यांसाठी होतं, पेपरवाला आलाच तर त्याच्यासाठीही होतं. पोरीसाठी त्यानं काही पाठ केलंच नव्हतं.

तेवढ्यात रंजितानं दप्तरातून एक छापील फॉर्म काढला. सहावीच्या प्रवेशाचा, महागावच्या शाळेचा. सगळा भरलेला होता, पालकाच्या सहीची जागा तेवढी कोरी. तिनं टोपण काढून पेन बापाच्या हातात दिला आणि बोट ठेवून जागा दाखवली. बाबूसिंगनं फॉर्म सतरंजीवर ठेवला. मग सही केली, तीही जरा वाकडी.

मॅडम अर्ज घेऊन आत निघाल्या. बाबूसिंग सतरंजी बगलेत मारून त्यांच्या मागं पायऱ्यांपर्यंत गेला. पोरीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाला,

"मॅडम, त्या अर्जाची एक झेराक्स भेटल का? तांड्यात दाखवाची होती."