बांधापलीकडचा टीव्ही

टायफॉइडचा ताप उतरला तरी मथुरा पेजेला तोंड लावीना. "टीव्हीवर सिनेमा बघता बघता चार घोट जातील," ती सुनेला म्हणाली. निर्मळच्या त्या आळीत टीव्ही एकट्या मालनकडे होता, आणि वाडीच्या बांधावरून भांडण झाल्यापासून दोन्ही घरांत अबोला होता. रविवारी संध्याकाळी सून प्रेमला बांध ओलांडून मालनच्या ओटीवर उभी राहिली. "काकी, आत्यांना चालवत नाही. टीव्ही न्यायला आलेय. घेतल्याशिवाय जायची नाही." मालनने तिला रोखून पाहिलं, मग पदर खोचला. "एकटीला पेलायचा नाही. ती बाजू धर." दोघींनी टीव्ही केळींमधून सांभाळत नेला आणि अँटेनाची वायर बांधावरून ओढली. चित्र आलं, पण मालन दारातच घुटमळली. मथुरेने पेजेची वाटी तोंडाला लावली. "मालने, दारात कशाला उभी?" ती म्हणाली. "बस खाली. प्रेमला, हिलाही पेज वाढ."