पांढरी बाजू

सुरुंग शोधून काढणाऱ्यांनी रंगवलेल्या दगडांची रीत अफगाणिस्तानातल्या पक्तियाच्या त्या खोऱ्यात सगळ्यांना तोंडपाठ होती: लाल बाजूकडे सुरुंग, पांढऱ्या बाजूकडे बिनधोक. खानमीरच्या घराकडे पांढरी बाजू होती, जर्दाळूच्या झाडाकडे लाल.

चाळीस वर्षांपूर्वी त्या झाडाखाली थोरली बहीण पश्ताना त्याला गोड जर्दाळू निवडून द्यायची. प्रत्येक फळ स्वतः चाखायची. "थांब रे, आधी मी बघते!" एके दुपारी रशियनांच्या हेलिकॉप्टरातून हिरवी, पंखांची खेळणी पानांसारखी फडफडत उतरली. त्यातलं एक तिनं असंच आधी उचलून बघितलं. ते खेळणं नव्हतं, सुरुंग होता. मग झाड तेवढं उरलं.

हल्ली रोज सकाळी दगड उलटे फिरलेले असायचे. पांढरी बाजू झाडाकडे, लाल घराकडे. खानमीर ते पुन्हा सरळ करायचा.

"अजून ताईगिरी सुटत नाही ना तुझी?" असं झाडाकडे बघत म्हणून हसायचाही.

आज मात्र उलटलेला एकही दगड जागचा हलेना. तो जोर लावत होता, तोच मागे अंगणात काहीतरी फडफडत उतरलं. त्यानं वर पाहिलं. आभाळ रिकामं होतं.

"अहो," बायकोचा आवाज आला, "हे हिरवं काय पडलंय? थांबा, मी बघते."