चुकेल त्यानं फोन करायचा

"चेंडू हातात घेऊन पळायचं, आणि त्याला म्हणे फुटबॉल!" अमेरिकेत कॉलेजला असलेल्या लेकीवर मी कोल्हापुरातनं डाफरलो. तरी पैज घेतली. तिथल्या कॉलेजांची मॅच कोण जिंकणार, ते आधी दोघांनी सांगायचं. ज्याचा अंदाज चुकेल त्यानं रविवारी फोन करायचा.

सलग दहा रविवार तिचाच फोन आला.

आज म्हणाली, "सीझन संपला, आबा."

मी गडबडीनं म्हणालो, "मग इथली मॅच घे की! बुधवारी तुझं जुनं कॉलेज खेळतंय. पण त्यांचा गोलकीपर पाय मोडून बसलाय. पाच-सहा गोल तरी खातील."

"माझं कॉलेजच जिंकणार," ती म्हणाली.

"अगं, नक्की हरशील!"

"मग गेले दहा आठवडे मी काय करत होते, आबा?"