राखलेली खुर्ची

"नाव हरिश्चंद्र, आणि दिवसाढवळ्या खिसा कापतोस!" यमुनाबाईंनी पैसे काउंटरवर आपटले. "तिकिटाचे दिलेस, वरचे बुकिंगचे कुठायत?"

नाटकाची तिकिटंही विकणाऱ्या हरिश्चंद्राच्या घड्याळांच्या दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, तशी सासूमागे उभ्या दमयंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला पैसे नकोच होते. तिला नाटक बघायचं होतं. मुंबईची कंपनी रत्नागिरीत येणार म्हटल्यावर तिने हौसेने दोन खुर्च्या धरल्या होत्या. नवरा, विठू, बोटीवरून सुट्टीवर येणार होता. साडीला फॉलसुद्धा लावून झाला. आणि काल तार आली, सुट्टी रद्द, बोट पुढे निघाली. "नवराच नाही तर नाटक कसलं?" सासूबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

"काकी, तिकिटाचे पैसे नाटकवाल्यांचे. तुम्ही बघणार नाही, म्हणून परत," हरिश्चंद्र म्हणाला. "बुकिंगचे माझे." त्याने खुर्च्यांचा तक्ता पुढे सरकवला. पुढच्या रांगेत दोन चौकोनांवर पेन्सिलीच्या फुल्या होत्या. "ह्या दोन खुर्च्यांपायी किती माणसं परत पाठवली ठाऊकाय? मामलेदारांचा शिपाई आला, त्यालाही नाही म्हटलं."

"पण बसलं कोण त्यांच्यावर?"

"यंदा तुमच्या कलमांचा मोहोर करपला. राखणदाराचा पगार कापलात?"

यमुनाबाईंनी तो कापला नव्हता. आंबा हाती लागो न लागो, ज्याने बाग राखली त्याचे द्यायचे, ही घरची रीत.

त्यांनी तक्ता जवळ ओढून दोन्ही फुल्यांवरून बोट फिरवलं. आता आणखी काय बोलतात ह्या भीतीने दमयंतीने पदर घट्ट धरला. सासरेही जन्मभर बोटीवरच होते. पडवीतल्या झोपाळ्यावर त्यांच्या जागी सासूबाई कुणाला टेकू देत नसत. ते जाऊन वर्षं झाली, तरी नाही. स्वतः त्या तिथे बसल्याचं दमयंतीने कधी पाहिलं नव्हतं.

हरिश्चंद्राने फुल्या पुसायला रबर उचललं.

"थांब रे." यमुनाबाईंनी पैसे त्याच्याकडे ढकलले. "तिकिटं आण इकडे. हिची खुर्ची हिला राहू दे. दुसरीवर मी बसते."

"तुम्ही? नाटकाला?"

"मग? जन्मभर नुसती राखणच करू काय?"